लायपोसोम आणि कर्करोगाची औषधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन दिशांनी येतात. केमोथेरपीच्या कागदावर ‘लायपोसोमल’ हा शब्द वाचून गोंधळलेले रुग्ण आणि नातेवाईक विचारतात, तसेच बॅच बसत नाही म्हणून हैराण झालेले औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थीही. प्रयोगशाळेपुरता मामला प्रश्न ११ मध्ये आहे. रुग्णांनी तो सोडून दिला तरी काही अडणार नाही. इथले डोसचे आकडे समजण्यासाठी आहेत, बदलण्यासाठी नाहीत. तो निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचा.

१. लायपोसोम म्हणजे नेमकं काय? औषधाची कॅप्सूल का?

कॅप्सूल म्हटले तरी चालेल, पण केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. कर्करोगाच्या औषधांत वापरले जाणारे लायपोसोम बहुतेक ८० ते १०० नॅनोमीटरचे असतात. भिंत फॉस्फोलिपिडची. या रेणूच्या डोक्याला पाणी आवडते आणि दोन्ही शेपट्यांना पाण्याचे वावडे. पाण्यात सोडले की हे रेणू शेपट्या आत घेऊन दुहेरी थर करतात आणि तो थर मिटून गोळा होतो. आपल्या पेशींचे आवरणही याच धर्तीचे. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे गोळे पाहिले. त्यावरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९६५चा.

औषधासाठी वापरताना त्यात दोन गोष्टींची भर पडते. कोलेस्टेरॉल भिंतीतल्या फटी बुजवते. पॉलिएथिलिन ग्लायकॉलचे, म्हणजे पेगचे, केसाळ आवरण रक्तातल्या प्रथिनांना चिकटू देत नाही. डॉक्सिल या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २ मि.ग्रॅ. डॉक्सोरुबिसिन (केमोथेरपीचे लाल रंगाचे औषध) असते आणि भोवती हायड्रोजनीकृत सोया फॉस्फॅटिडिलकोलिन ९.५८, कोलेस्टेरॉल ३.१९ आणि पेग जोडलेले लिपिड ३.१९ मि.ग्रॅ. थोडक्यात, औषधाच्या आठपट वजन पुडीचे.

२. औषध तेच, मग साध्या ‘लाल केमो’त आणि यात फरक काय?

रेणू तोच, शरीरातला प्रवास वेगळा. साधे डॉक्सोरुबिसिन शिरेत गेले की काही मिनिटांत रक्तातून निघून हृदयासह सगळ्या ऊतींमध्ये मुरते. औषध शरीरात किती पसरते हे मोजण्याचे एक माप असते, वितरण-आकारमान. साध्या औषधात ते दर चौरस मीटरला ७०० ते १,१०० लिटर येते, पेगवाल्या लायपोसोमलमध्ये जेमतेम २.८ लिटर. म्हणजे पुडीतले औषध जवळपास सगळे रक्तातच फिरत राहते आणि त्याचे अर्धायुष्य ५५ तासांच्या आसपास जाते.

बाटली पाहिली तरी फरक कळतो. साधे डॉक्सोरुबिसिन उजेडात धरले की माणकासारखे नितळ लाल दिसते. लायपोसोमल लालसरच, पण धूसर, पाण्यात थेंबभर दूध पडल्यासारखे. बाटलीत गुठळ्या किंवा गाळ दिसला तर ती वापरायची नाही.

३. ‘टार्गेटेड’ म्हणतात, तर ते फक्त गाठीतच जातं ना?

नाही. या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज हाच, आणि जाहिरातींनी तो वाढवला आहे. लायपोसोमला पत्ता माहीत नसतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या आणि सच्छिद्र असतात, निचऱ्याच्या लसिकावाहिन्या नीट नसतात; त्यामुळे बराच वेळ रक्तात फिरणारे कण तिथे झिरपतात आणि अडकतात. यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी हे १९८६ साली मांडले. त्याला ‘ईपीआर परिणाम’ म्हणतात.

उंदरांत हे छान दिसते. माणसांत गाठीगाठीत, अगदी एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही, फार तफावत असते. २०१६ साली दहा वर्षांच्या प्राणी-प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेल्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. उरलेल्यांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींच्या पोटात जातो.

मग उपयोग काय? औषध कुठे जाते यापेक्षा ते कुठे जात नाही, यात खरी कमाई आहे. हृदयाच्या स्नायूतल्या केशवाहिन्यांची भिंत घट्ट असते. १०० नॅनोमीटरचा गोळा तिथून सहज बाहेर पडत नाही. हे डोक्यात पक्के ठेवले की पुढची बरीच उत्तरे आपोआप उलगडतात.

४. ‘टार्गेटेड थेरपी’ आणि ही औषधं एकच का?

नाहीत. ट्रास्टुझुमॅब किंवा इमॅटिनिब पेशीवरच्या किंवा पेशीतल्या ठरावीक रेणूला धरतात. लायपोसोमलमध्ये औषध जुनेच, केमोथेरपीचेच. फक्त वाहन बदललेले. म्हणून रक्तातल्या पेशी कमी होणे, तोंड येणे वगैरे केमोचे त्रास इथेही होतात.

५. कोणकोणती लायपोसोमल औषधं खरोखर वापरात आहेत?

सर्वांत जुने आणि भारतात सर्वाधिक दिसणारे म्हणजे पेगवाले लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. अमेरिकेत डॉक्सिलला १९९५ साली एड्सशी निगडित कापोसी सार्कोमासाठी मान्यता मिळाली. पुढे अंडाशयाचा कर्करोग आणि बोर्टेझोमिबबरोबर मल्टिपल मायलोमा. युरोपात पेग नसलेले मायसेटही आहे, ते सायक्लोफॉस्फमाइडबरोबर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात देतात.

ओनिवाइड हे लायपोसोमल इरिनोटेकॅन, मान्यता २०१५. जेमसायटाबिननंतरही वाढणाऱ्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात, फ्लुरोयुरासिल आणि ल्युकोव्होरिनच्या जोडीने. त्याच्या मुख्य चाचणीत मध्यक आयुर्मान ४.२ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर गेले. आकडा लहान आहे. तो लपवून आशा दाखवणे बरे नव्हे.

व्हिक्सिओस (२०१७) मधली कल्पना आम्हाला सर्वांत हुशारीची वाटते. त्यात डॉनोरुबिसिन आणि सायटाराबिन १ : ५ या रेणू-प्रमाणात एकाच पुडीत बंद केले आहेत. सुटी दिली तर दोन्ही आपापल्या वेगाने शरीराबाहेर जातात आणि प्रमाण बिघडते. पुडीत ते टिकते. आधीच्या उपचारांमुळे झालेल्या किंवा मायलोडिस्प्लेसियाशी (अस्थिमज्जेच्या विकाराशी) निगडित अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या ६० ते ७५ वयाच्या रुग्णांत मध्यक आयुर्मान ५.९५ वरून ९.५६ महिन्यांवर गेले.

भारतात पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेलची ‘नॅनोसोमल लिपिड सस्पेन्शन’ही मिळतात. साध्या पॅक्लिटॅक्सेलमधल्या क्रेमोफोर या द्रावकाची रिअ‍ॅक्शन टाळणे हा त्यांचा मुख्य फायदा.

६. इंजेक्शन कसं देतात? सलाईनमध्ये का नाही चालत?

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. डोस ९० मि.ग्रॅ.पर्यंत असेल तर २५० मि.लि., त्यापुढे ५०० मि.लि. मिठाच्या सलाईनमधले क्षार पुडीची स्थिरता बिघडवू शकतात. नळीत फिल्टर लावायचा नाही. त्याच नळीतून दुसरे औषध सोडायचे नाही. बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या आणि गोठू द्यायच्या नाहीत, कारण बर्फाचे स्फटिक भिंत फोडतात. पातळ केलेले औषध फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत वापरायचे.

उदाहरण घ्या. उंची १५२ सें.मी., वजन ५८ किलो. गुणाकार ८,८१६, त्याला ३,६०० ने भागून वर्गमूळ काढले की शरीराचे क्षेत्रफळ १.५६ चौ.मी. अंडाशयाच्या कर्करोगासाठी माहितीपत्रकातला डोस दर चौ.मी.ला ५० मि.ग्रॅ., चार आठवड्यांतून एकदा. पण तळहातांच्या त्रासामुळे (प्रश्न ८) अनेक डॉक्टर ४० वरच ठेवतात. म्हणजे सुमारे ६२.५ मि.ग्रॅ., ३१ मि.लि.हून थोडे अधिक. सुरुवातीचा वेग मिनिटाला १ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त नको. या डोसला तासाभराहून थोडे जास्त लागते. ‘आज गर्दी आहे, लवकर आटपू’ हे या औषधाला चालत नाही.

नंतर एक-दोन दिवस लघवी नारिंगी-लालसर होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग.

७. सुरू केल्यावर पाच मिनिटांत तोंड लाल झालं, छाती आवळली, कंबर दुखली. अ‍ॅलर्जी होती का?

नेहमीच्या अर्थाने बहुधा नाही. रक्तातली पूरक प्रथिनांची यंत्रणा लायपोसोमला जंतू समजून खडबडून जागी होते. म्हणूनच हे पहिल्याच डोसला होऊ शकते. खऱ्या अ‍ॅलर्जीला सहसा आधीची ओळख लागते. माहितीपत्रकानुसार गाठीच्या स्वरूपातल्या कर्करोगाच्या रुग्णांत सुमारे ११ टक्क्यांना असे झाले. जिवावर बेतणारे प्रसंग विरळ, पण होतात. बहुतेकदा औषध थांबवले की काही मिनिटांत ते उतरते आणि मग संथ गतीने पुन्हा सुरू करता येते. नर्सला ‘जरा कसंतरी होतंय’ एवढे लगेच सांगणे महत्त्वाचे. संकोचून गप्प बसलेल्या रुग्णात मौल्यवान मिनिटे जातात.

८. तळहात-तळपाय लाल होऊन सोलताहेत. काय करू?

याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा हा खास त्रास. रक्तात दिवसेंदिवस फिरणारे औषध तळव्यांच्या घामग्रंथींतून आणि दाब पडणाऱ्या केशवाहिन्यांतून त्वचेत झिरपते. अंडाशयाच्या कर्करोगाच्या चाचणीत ५० मि.ग्रॅ.च्या डोसला ५१ टक्के स्त्रियांना तो झाला, २४ टक्क्यांना तीव्र. सहसा दुसऱ्या-तिसऱ्या चक्रानंतर दिसतो. साध्या डॉक्सोरुबिसिनमध्ये तो फारसा नसतो. हृदय वाचले, तळवे सापडले, असा हा सौदा.

उष्णता आणि दाब हे दोन शत्रू. म्हणून इंजेक्शननंतरचे काही दिवस भाकरी थापणे, गरम पाण्याने भांडी घासणे, कपडे पिळणे, घट्ट बांगड्या आणि अंगठ्या, पट्टा रुतणाऱ्या चपला, लांब चालणे टाळा. अंघोळ कोमट पाण्याने, पुसताना चोळू नका, टिपा. साधे, वास नसलेले मलम दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने. इंजेक्शन चालू असताना तळव्यांना थंड पॅक लावतात. बर्फ थेट त्वचेवर नको. मेंदी नको: तिच्याखाली लाली दिसत नाही.

मुंग्या येणे किंवा चुरचुर सुरू झाली की पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. फोड आले किंवा काम करताना दुखू लागले तर डॉक्टर पुढचा डोस दोन आठवड्यांपर्यंत पुढे ढकलतात आणि तीव्र असेल तर २५ टक्के कमी करतात. डोस कमी केला म्हणजे उपचार सोडला असे नव्हे.

९. हृदयाला धोका अजिबात नाही का?

कमी आहे, शून्य नाही. एकूण साचलेला डोस दर चौ.मी.ला ४५० ते ५५० मि.ग्रॅ.च्या दरम्यान गेला तेव्हा ११ टक्के रुग्णांत हृदयाच्या स्नायूचा त्रास नोंदला गेला. हिशोबात आधी घेतलेले साधे डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिनही धरायचे असते. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी स्तनाच्या कर्करोगासाठी ‘लाल केमो’ झाली असेल, तर ती जुनी फाइल शोधून आणा. सुरुवातीला आणि अधूनमधून टू-डी एको होतो तो यासाठीच.

वर्षाहून जास्त काळ हे औषध चाललेल्यांत तोंडाचे नवे कर्करोग आढळल्याची नोंद आहे. आपल्याकडे तंबाखू-सुपारीची सवय पाहता तोंड उघडून तपासणे विसरू नये.

१०. कंपनी बदलली तर चालेल? औषधवाला म्हणतो ‘सेम आहे’.

दोन वेगळे प्रश्न आहेत. लायपोसोमलच्या जागी साधे, किंवा पेगवाल्याच्या जागी बिनपेगवाले देणे म्हणजे वेगळे औषध देणे. त्यांचे डोस वेगळे, मर्यादा वेगळ्या. इथे ‘सेम’ म्हणणारा चुकतो.

एकाच प्रकारच्या लायपोसोमलची दुसरी कंपनी चालू शकते, पण साध्या गोळीइतके ते सोपे नाही. अमेरिकी नियामक संस्था जेनेरिककडून लिपिडांची तीच रचना, औषध भरण्याची तीच पद्धत आणि रुग्णांच्या रक्तात सुटे व पुडीतले अशा दोन्ही डॉक्सोरुबिसिनची तुलना मागते. २०११ मध्ये डॉक्सिल बनवणारा ओहायोतला कारखाना बंद पडला, तुटवडा झाला, तेव्हा २०१२ मध्ये अमेरिकेने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स तात्पुरते आयात करू दिले; २०१३ मध्ये याच कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली.

कागदावर ‘लायपोसोमल’ हा शब्द पूर्ण लिहिलेला आहे, पेटीवरही तोच आहे, हे नातेवाइकांनी एकदा पाहावे. सरकारी योजनेतून उपचार असतील तर कोणता प्रकार बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

११. आमच्या एम.फार्म. प्रोजेक्टमध्ये डॉक्सोरुबिसिन २०-३० टक्केच भरलं जातंय. कुठे चुकतंय?

बहुधा बाहेरचे अमोनियम सल्फेट नीट काढले गेलेले नाही. आधी यंत्रणा समजून घ्या. लायपोसोमच्या आत अमोनियम सल्फेट, बाहेर नाही. आतला अमोनिया भिंतीतून निसटतो, प्रोटॉन आत राहतो, आतला भाग आम्लधर्मी होतो. बिनभाराचे डॉक्सोरुबिसिन आत शिरते, प्रोटॉन घेते, परतीची वाट बंद. सल्फेटबरोबर त्याचा काडीसारखा स्फटिक होतो. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तो कॉफीच्या बीसारखा दिसतो. आत-बाहेर फरकच नसेल तर औषध ओढणार कोण?

१० मि.लि.ची बॅच अशी. हायड्रोजनीकृत सोया पीसी ९६, कोलेस्टेरॉल ३२, पेग-२००० डीएसपीई ३२ मि.ग्रॅ. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा. १०० मि.लि.च्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये रोटरी इव्हॅपोरेटरवर पातळ थर धरा आणि रात्रभर निर्वातात ठेवा. क्लोरोफॉर्मची अवशेष-मर्यादा ६० पीपीएम आहे. २५० मिलिमोलर अमोनियम सल्फेट ६५ अंशांपर्यंत तापवून घाला, तासभर फिरवा. त्याच तापमानाला ४००, मग २००, मग १०० नॅनोमीटरच्या पॉलिकार्बोनेट पडद्यांतून ढकला, शेवटच्यातून दहा-अकरा वेळा. १० टक्के साखरेच्या द्रावणाविरुद्ध डायलिसिस करा, द्रावण तीन-चारदा बदला. मग २० मि.ग्रॅ. डॉक्सोरुबिसिन, ६० अंश, एक तास आणि लगेच बर्फात.

डायलिसिस पुरे झाले का हे पाहायला बाहेरच्या द्रावणात बेरियम क्लोराइडचा थेंब टाका. पांढुरके गढुळले तर सल्फेट अजून येतेय.

बाकीच्या ठेचा नेहमीच्याच. या लिपिडचे संक्रमण-तापमान ५० अंशांच्या पुढचे. पाणी कोमट असेल तर थर सोलून पापुद्रे पडतात. एक्स्ट्रुडरचा ठोकळा थंड राहिला की पडदा फुटतो, दोष पडद्याला जातो. स्वस्तातले साधे सोया लेसिथिन वापरले तर असंपृक्त शेपट्यांमुळे भिंत खोलीच्या तापमानालाच ढिली राहते आणि भरलेले गळते. प्रोब सोनिकेटरने टायटॅनियमचा चुरा पडतो, तो काढावा लागतो. ऑटोक्लेव्ह नको, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर.

आणि मोजमाप. साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचे द्रव ‘सुटे औषध’ म्हणून मोजणे ही आपल्याकडच्या प्रबंधांतली लाडकी चूक. १०० नॅनोमीटरचे लायपोसोम तिथे खाली बसतच नाहीत. सेफाडेक्स जी-५० चा लहान स्तंभ वापरा: लायपोसोम आधी उतरतात, सुटे औषध मागे रेंगाळते. गोळे ट्रायटनने फोडून मगच ४८० नॅनोमीटरला वाचा. चमक मोजत असाल तर न फोडता वाचण्यात अर्थ नाही, कारण दाटीवाटीत डॉक्सोरुबिसिन स्वतःचीच चमक विझवते.

१२. वर अँटिबॉडी चिकटवली तर नेमकं गाठीवर जाईल ना?

तर्क बरोबर, निकाल निराशाजनक. हर-२ या पेशीवरच्या प्रथिनावर बसणारे अँटिबॉडीचे तुकडे लावलेले एमएम-३०२ हे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन स्तनाच्या कर्करोगाच्या चाचणीत होते. फायदा दिसेना म्हणून २०१६ च्या डिसेंबरात चाचणी थांबवली. गाठीपर्यंत नेण्याचे काम अँटिबॉडी करत नाही, ते रक्तप्रवाह आणि झिरपणेच करतात (प्रश्न ३). पोहोचल्यावर पेशीत शिरायला तिची मदत होते, एवढेच. उष्णतेने फुटणारे थर्मोडॉक्स हे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनही यकृताच्या कर्करोगात मोठ्या चाचणीत, २०१३ मध्ये, मुख्य उद्दिष्ट गाठू शकले नाही.

१३. कोविड लशीतले लिपिड नॅनोपार्टिकल आणि हे सारखंच का?

भाऊबंद, पण घर वेगळे. लायपोसोमच्या आत पाणी असते. लशीतल्या कणात पाण्याचा मोठा पोकळ भाग नसतो. आम्लात धनभारित होणारे लिपिड आरएनएला गुंडाळून बसते. शिरेतून दिले तर हे कण रक्तातले अपोलिपोप्रोटीन-ई हे प्रथिन पांघरून यकृतात जातात, म्हणून पॅटिसिरान (२०१८) हे त्यातले पहिले सिआरएनए (जनुकाचे काम थांबवणारा आरएनएचा छोटा तुकडा) औषध यकृतासाठी निघाले. कर्करोगात हेच वाहन रुग्णाच्या गाठीतल्या बदलांनुसार बनवलेल्या एमआरएनए लशींसाठी वापरले जाते आहे. मेलानोमात त्यांच्या चाचण्या चालू आहेत.

१४. म्युकरमायकोसिसच्या वेळचं लायपोसोमल इंजेक्शन याच जातीचं?

वाहन त्याच जातीचे, औषध बुरशीचे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेला ‘लायपोसोमल’ शब्द अँफोटेरिसिनचा होता. भारतीय लायपोसोमल अँफोटेरिसिनमागे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी केलेले काम आहे. नावांची गल्लत किती महागात पडते याचा धडाही त्यातच: लायपोसोमल दिवसाला किलोमागे ५ मि.ग्रॅ. देतात, तर साधे १.५ मि.ग्रॅ.च्या पुढे जाऊ देत नाहीत. इमल्शनमधले अँफोटेरिसिन हा आणखी तिसरा प्रकार.

१५. ‘लायपोसोमल’ हळदीच्या किंवा व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेतल्या तर?

वर सांगितलेली सगळी औषधे शिरेतून जातात. पोटात गेलेल्या लिपिडच्या भिंतीला पित्तक्षार आणि लायपेझ गाठतात. गोळा शाबूत राहून रक्तात आणि तिथून गाठीत जाण्याची गोष्ट विसरा. शोषण थोडेफार वाढू शकते, पण तो केमोला पर्याय नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

१६. कोणाच्या बाबतीत नेहमीचा नियम लागू होत नाही?

बिलिरुबिन १.२ किंवा अधिक असेल तर लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा डोस कमी करतात, कारण औषध यकृतावाटे निघते. शेंगदाणे किंवा सोयाची अ‍ॅलर्जी आधीच सांगा. भिंत सोयापासून बनते. विल्सनचा आजार (शरीरात तांबे साचणे) असेल तर रक्तातले तांबे मोजावे लागते, कारण व्हिक्सिओसमध्ये तांबे असते. यूजीटी१ए१*२८ हा जनुकबदल दोन्ही प्रतींत असेल तर ओनिवाइड ७० ऐवजी दर चौ.मी.ला ५० मि.ग्रॅ.ने सुरू करतात. मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्री-पुरुषांनी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन चालू असताना आणि नंतर सहा महिने गर्भनिरोधन पाळायचे.

औषध शिरेबाहेर गेले तर साध्या डॉक्सोरुबिसिनसारखे मांस सहसा सडत नाही, पण दाह होतो. सुई बंद करून १५ मिनिटे बर्फाचा शेक, दिवसातून चारदा, तीन दिवस. गरम शेक नको.